विंगेत शिकलेला रॅप

डिचोली तालुक्यातल्या आमच्या गावी देवाच्या कालोत्सवाला दरवर्षी मराठी नाटक होते. महामारीचा काळ सोडला तर त्यात खंड पडल्याचे मला आठवत नाही. नाटक बहुधा ऐतिहासिक, क्वचित पौराणिक. नट सगळे गावचे, म्हणजे कोणी शाळामास्तर, कोणी पंचायतीतला कारकून, कोणी खाणीवर टिपर, म्हणजे खनिज वाहणारा ट्रक, चालवणारा. स्त्रीभूमिकेसाठी मात्र फोंड्याहून किंवा म्हापशाहून मानधनावर कलाकार बोलावली जाते आणि ती रंगीत तालमीलाच काय ती उगवते. दिवसभर राबून रात्री तालमीला येणाऱ्या या मंडळींचे पाठांतर शेवटपर्यंत अर्धवट राहणार, हे सगळ्यांनी गृहीत धरलेले असते, त्यामुळे नाटकाचा खरा भार विंगेत बसलेल्या प्रॉम्प्टरवर पडतो. सातवीत असताना ते काम माझ्याकडे आले, कारण माझे वाचन स्वच्छ होते आणि अंगकाठी इतकी लहान होती की विंगेच्या कापडाआड मी कोणाला दिसत नसे. आज मी मराठीत रॅप करतो. गाणी स्वतः लिहितो, स्वतः रेकॉर्ड करतो आणि कोणत्याही कंपनीच्या दारात न जाता स्वतःच प्रसिद्ध करतो. या कलेतले जे काही मला येते त्याचा पाया त्या विंगेत घातला गेला, आणि तो कसा घातला गेला हे एकदा सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते.

विसरलेले वाक्य सांगणे म्हणजे प्रॉम्प्टिंग, असा प्रेक्षकांचा समज असतो. प्रत्यक्षात नट विसरल्यानंतर सांगितलेल्या वाक्याचा फारसा उपयोग नसतो, कारण तोवर मागच्या रांगेतून शिट्टी आलेली असते. नट चालू वाक्याच्या शेवटच्या दोन शब्दांवर असतानाच पुढच्या वाक्याचे पहिले दोन शब्द त्याच्या कानी पडले पाहिजेत, आणि तेही तो श्वास घेत असताना, कारण स्वतः बोलत असताना माणसाला दुसऱ्याचे ऐकू येत नाही. म्हणून संहितेच्या वहीत मी पेन्सिलीने खुणा करून ठेवीत असे. छोट्या श्वासाला एक उभी रेघ, मोठ्या श्वासाला दोन. या खुणा लेखकाच्या विरामचिन्हांशी क्वचितच जुळत, कारण श्वास प्रत्येक नटाचा वेगळा. आमच्याकडे औरंगजेबाचे काम वर्षानुवर्षे करणारे एक काका पक्के विडीबाज होते. सहा-सात शब्द झाले की त्यांना थांबावेच लागे, आणि त्या थांबण्याने त्यांचा औरंगजेब असा काही थंड आणि पाताळयंत्री वाटे की पुढे एका स्पर्धेच्या परीक्षकांनी त्यांच्या विरामांची खास तारीफ केली. उलट शिवाजीचे काम करणारा तरुण अर्धे पान एका दमात म्हणून टाकी आणि शेवटच्या तीन शब्दांना हवाच उरत नसे. त्याच्या वाक्यांच्या मधोमध मी मुद्दाम चुकीच्या जागी कुजबुजू लागलो, म्हणजे ऐकण्यासाठी तरी तो थांबेल. तो थांबू लागला आणि त्याला टाळ्याही मिळू लागल्या.

रॅपमध्ये नेमके हेच करावे लागते. फरक एवढाच की नटही मीच आणि प्रॉम्प्टरही मीच. मिनिटाला नव्वद ठोक्यांचा बीट धरला तर सोळा बारांचे, म्हणजे चार-चार ठोक्यांच्या सोळा आवर्तनांचे, कडवे चौसष्ट ठोक्यांचे होते आणि ते जेमतेम ४३ सेकंदांत संपते. एवढ्या वेळात दीडशे-दोनशे अक्षरे म्हणायची, तर श्वास कुठे घ्यायचा हे शब्द सुचतानाच ठरलेले असले पाहिजे. माझ्या वह्यांत अजूनही त्याच उभ्या रेघा असतात. नवी मुले माझ्याकडे येतात तेव्हा त्यांचे शब्द बहुधा चांगले असतात, परंतु कागदावर श्वासाची जागा ठेवलेली नसते. मग स्टुडिओत तुकड्यातुकड्याने रेकॉर्ड करून ते गाणे जोडतात आणि मंचावर उभे राहिल्यावर दुसऱ्याच कडव्यात धापा टाकतात.

लय मात्र विंगेतून आली नाही. ती चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आरत्यांतून आली. बाबा शामेळ वाजवीत आणि आमच्या वाड्यावर घरोघरी फिरून घुमटआरत्या, म्हणजे घुमट या मातीच्या तालवाद्याच्या साथीने म्हटलेल्या आरत्या, होत. दोन काठ्यांनी वाजणारे शामेळ, कांसाळ्यांचा, म्हणजे झांजांचा, खणखणाट आणि त्या सगळ्यांखाली घुमटाचा तो पोटातून येणारा खर्ज, हे वातावरण ज्यांनी गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या माटोळीखाली बसून अनुभवले आहे त्यांना ठेका म्हणजे काय हे वेगळे शिकवावे लागत नाही. लयीच्या बाबतीत गोमंतकाची मिजास तशी जुनीच आहे. दोन्ही हातांनी व पायांनी निरनिराळे ताल एकाच वेळी धरणारे लयभास्कर खाप्रुमामा पर्वतकर इथलेच. त्यांच्या गोष्टी आमच्याकडे भजनी मंडळातली वडीलधारी मंडळी अशा सांगत की जणू मामा कालच मृदंग ठेवून घरी गेले आहेत. त्या गोष्टींतला अतिशयोक्तीचा भाग वगळला तरी एक गोष्ट माझ्या डोक्यात कायमची बसली, ती म्हणजे तोंडाने एक आणि हाताने दुसरे चालवण्याचा सराव करता येतो. मी जेवताना डाव्या हाताने मांडीवर ठेका धरून आईशी बोलत असे आणि तिची बोलणी खात असे.

आता विषयाकडे, म्हणजे ज्यावर गाणी लिहावीशी वाटली त्या विषयाकडे. आमच्या घरचा टिपर कर्जाचा होता. खाणीवरून खनिज भरायचे, मांडवीकाठच्या जेटीवर ओतायचे, तिथून ते बार्जमधून मुरगाव बंदरात जायचे. बाबांचा संबंध जेटीपर्यंतचा. दिवसाच्या ट्रिपा, टनाचा दर, डिझेल, टायर आणि हप्ता असे सगळे ते एका लांबट वहीत लिहीत. रस्त्याकडेची झाडे, कौले, शाळेचा गणवेश, सगळे तांबडे. आमच्या पट्ट्यातल्या मुलांना पांढरा शर्ट म्हणजे काय ते पणजीला गेल्यावर कळे. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या, पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली, आणि टिपर अंगणात येऊन उभा राहिला. एप्रिल २०१४ मध्ये बंदी उठली, वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा आली, कामे रडतखडत सुरू झाली. मग ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ खाणलीजांचे, म्हणजे खाणपट्ट्यांच्या भाडेकरारांचे, नूतनीकरण रद्द झाले आणि १६ मार्चपासून खनिज काढणे पुन्हा बंद पडले. हा तारखांचा पाढा मी मुद्दाम म्हटला, कारण आमच्या भागातल्या कोणत्याही घरात तो तसाच म्हटला जातो, जसा इतरत्र लग्नाच्या तारखांचा म्हटला जातो. खाणींनी डोंगर पोखरले, विहिरी आटवल्या, शेतांत गाळ भरला, हे मला तेव्हाही दिसत होते. आणि घरचा हप्ता थकला की बँकेतून येणारा फोन कोण उचलणार यावरून होणारी भांडणेही ऐकू येत होती. या दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात मांडता येतील अशी जागा मला ना नाटकात सापडली ना वर्तमानपत्रात पाठवलेल्या पत्रांत.

रॅप कानावर आला तो जिओमुळे. सप्टेंबर २०१६ मध्ये फुकट डेटा मिळू लागला आणि आमच्या बसथांब्यावरच्या पोरांनी मुंबईची गाणी ऐकायला सुरुवात केली. हिप-हॉपचा जन्म १९७३ साली न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात झाला, डीजे कूल हर्क नावाच्या तरुणाने एका इमारतीतल्या घरगुती पार्टीत तबकड्यांवरचा केवळ तालाचा तुकडा पुन्हा पुन्हा वाजवला, वगैरे इतिहास मी पुष्कळ नंतर वाचला. त्या वेळी मला धक्का बसला तो मुंबईच्या स्वदेशी या गटातल्या एमसी मवालीला मराठीत ऐकून. मराठीत हे होऊ शकते, हीच बातमी होती. २०१९ च्या फेब्रुवारीत ‘गल्ली बॉय’ हा चित्रपट आला आणि मी काय करतो हे नातेवाइकांना समजावून सांगण्याचा त्रास वाचला. पुढे अमरावतीच्या हंड्रेड आरबीएचने वऱ्हाडी वळणाची भाषा जशीच्या तशी माइकवर आणली, तेव्हा स्वतःच्या बोलीची लाज बाळगण्याचे उरलेसुरले कारणही संपले.

बोली म्हटली की गोव्यातल्या माणसाचे काम सोपे राहत नाही. आम्ही घरी कोकणी बोलतो. प्राथमिक शाळा सरकारी आणि मराठी माध्यमाची, पाचवीपासून इंग्रजी. त्यामुळे माझी मराठी ही आईची नाही, पुण्या-मुंबईच्या कट्ट्यावरची तर नाहीच. ती नाटकाच्या संहितांची, आरत्यांची, अभंगांची आणि बाबांनी चहाबरोबर वाचलेल्या दैनिकाच्या अग्रलेखाची आहे. कोकणीला राजभाषा करणाऱ्या १९८७ च्या राजभाषा कायद्यापासून आमच्याकडे भाषेचा विषय निघाला की माणसे खुर्च्या सरसावून बसतात, आणि मला दोन्हीकडून ऐकावे लागते. कोकणीवाले मित्र विचारतात की घरची भाषा सोडून हे कशाला. महाराष्ट्रातले श्रोते म्हणतात की हा रॅपर बखर वाचल्यासारखा का बोलतो. माझे उत्तर एवढेच, की माणूस ज्या भाषेत घाबरत नाही त्या भाषेत त्याने लिहावे. मी अंधारात, विंगेत, हातात टॉर्च घेऊन जी भाषा शेकडो लोकांसमोर जपली, तिची मला भीती वाटत नाही. अगोदर मुंबईच्या हिंदीत काही लिहून पाहिले होते. त्यात ‘भाई’ पुष्कळ होते आणि टिपर एकही नव्हता.

मराठीत यमक फार स्वस्त मिळते, ही या धंद्यातली पहिली अडचण. क्रियापद वाक्याच्या शेवटी येते आणि क्रियापदांचे शेवट ठरलेले, त्यामुळे ‘येतो’ला ‘जातो’ आणि ‘झाला’ला ‘आला’ जुळवीत कोणीही रात्रभर बसू शकतो. ऐकणाऱ्याला मात्र चौथ्या ओळीला कंटाळा येतो. मी स्वतःला नियम घालून घेतला आहे की ओळ शक्यतो नामावर संपवायची आणि क्रियापद आत ढकलायचे. दुसरी अडचण आघाताची. इंग्रजी शब्दात एखाद्या अवयवावर ठाम आघात असतो आणि तो ठोक्यावर बसवला की ओळ चालू लागते. मराठीत तसे नाही. इथे वजन येते दीर्घ स्वराने आणि जोडाक्षराने. ‘खनिज’ ठोक्यावर निसटते, ‘कर्ज’ दणकून बसते. त्यातही लिहिलेल्या अक्षरांची मोजणी आणि बोललेल्या अक्षरांची मोजणी वेगळी, कारण शब्दाच्या शेवटचा अकार आपण बोलताना गिळतो.

यातून वाट दाखवली ती अभंगाने. मोठ्या अभंगाच्या चार चरणांत सहा, सहा, सहा आणि चार अशी अक्षरे असतात आणि यमक दुसऱ्या व तिसऱ्या चरणाच्या शेवटी पडते. प्रत्येक ठोक्याचे चार भाग केले आणि एका चरणाला दोन ठोके दिले, तर आठ जागा मिळतात. पहिल्या तीन चरणांत सहा जागा भरतात आणि दोन मोकळ्या राहतात. चौथ्यात चारच भरतात आणि अख्खा एक ठोका रिकामा उरतो. यमक शेवटी न येता अगोदरच येऊन गेलेले असते, त्यामुळे शेवटचा लहान चरण अपेक्षेच्या बाहेरून येऊन आदळतो आणि नंतरच्या रिकाम्या ठोक्यात श्वास घेता येतो. हे गणित मला उमगले तेव्हा मी कारखान्यातल्या रात्रपाळीला होतो आणि पॅकिंगच्या खोक्यावर मार्करने सहा-सहा-सहा-चार लिहून ठेवले होते. सुपरवायझरने ते बॅच नंबर समजून तपासायला घेतले.

रेकॉर्डिंगची सोय अंगणात उभ्या असलेल्या टिपरने केली. आमचे घर मंगळुरी कौलांचे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत कौलांवर पाऊस असा वाजतो की शेजारच्या खोलीतले बोलणे ऐकू येत नाही, आणि पाऊस थांबला की बेडूक सुरू होतात. टिपरच्या केबिनची दारे लावली, पुढच्या काचेवर आतून दोन गोधड्या टांगल्या, पायाखाली आणि छताला जुन्या गाद्यांचा कापूस भरलेली पोती बांधली, की आवाज बऱ्यापैकी कोरडा येई. माइक मी गिअरच्या दांड्याला बांधीत असे. पंखा लावणे शक्य नाही, मे महिन्यात त्या लोखंडी पेटीत पंधरा मिनिटे बसणे म्हणजे शिक्षाच; परंतु पुढे भाड्याने घेतलेल्या एका स्टुडिओतल्या आवाजापेक्षा त्या केबिनमधला माझा आवाज मला आजही जास्त आवडतो. ‘भ’, ‘ध’, ‘फ’ अशा महाप्राणांची हवा माइकवर आपटून फाटका आवाज येतो, म्हणून आईच्या जुन्या परकराच्या कापडाचा पॉप फिल्टर केला आणि माइक तोंडासमोर न ठेवता जरा कलता ठेवायला शिकलो. पहिली चार गाणी अशी झाली. मग टिपर विकला गेला.

त्या गाण्यांपैकी एकाने मला व्यवहार शिकवला. त्याचा बीट, म्हणजे मागे वाजणारे तयार संगीत, मी इंटरनेटवरून थोड्या पैशांत भाडेतत्त्वावर घेतला होता. असे बीट एकाच वेळी अनेकांना दिले जातात, आणि तसे करारात लिहिलेलेही असते. त्याच बीटवर गाणे केलेल्या दुसऱ्या कोणीतरी, कुठल्या तरी देशात, आपले गाणे आपोआप ओळख पटवणाऱ्या यंत्रणेत नोंदवले, आणि माझ्या गाण्यावर मालकी हक्काचा दावा येऊन पडला. पावती दाखवून दावा सुटला, पण त्यात आठवडे गेले आणि गाणे ऐकले जाण्याचे जे पहिले दिवस असतात ते वाया गेले. त्यानंतर मी परका बीट घेतला नाही. चवथीला वाड्यावर घुमट वाजत होते, तेच रेकॉर्ड करून आणले. घुमट म्हणजे दोन तोंडांचे मातीचे भांडे. मोठ्या तोंडाला चामडे आणि लहान तोंड उघडे, ज्यावर डावा हात झाकून-उघडून नाद वरखाली करता येतो. पूर्वी त्याला घोरपडीचे कातडे लावीत. वन्यजीव कायद्यानंतर ते बंद झाले आणि आता बकऱ्याचे लावतात. २०१९ मध्ये राज्याने त्याला वारसा वाद्याचा दर्जा दिला, हे चांगलेच झाले. मला मात्र त्याचे वेगळेच कौतुक आहे, ते म्हणजे डाव्या हाताने नाद जो घसरत खाली जातो, तो संगणकावरच्या खर्जापेक्षा जास्त जिवंत असतो आणि त्यावर जगात कोणी दावा ठोकू शकत नाही.

मंचाचे म्हणाल तर किनारपट्टीवरच्या क्लबांना मराठी रॅपर नको असतो. त्यांचे गिऱ्हाईक बाहेरचे, त्यांना नाचायचे असते, आणि टिपरच्या हप्त्यावर कोणी नाचत नाही. यात मला राग येण्यासारखे काही दिसत नाही. माझा पहिला खरा प्रयोग आमच्याच गावच्या नाटकात झाला. दुसऱ्या अंकानंतर दरबाराचा देखावा बदलायला वेळ लागतो, तेवढ्यात लोक चहाला पांगू नयेत म्हणून समितीने मला पडद्यापुढे सोडले. लाउडस्पीकरचा नियम रात्री दहाचा. सणासुदीला सरकार वर्षातून मोजके, जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सवलत देऊ शकते, त्यामुळे हल्ली नाटकेही घड्याळाकडे बघत करावी लागतात आणि माझ्या वाट्याला दोनच गाणी आली. पहिल्या गाण्याला मंडपात कमालीचा संशय पसरलेला होता. दुसऱ्या गाण्यात जेटी, वे-ब्रिज म्हणजे ट्रकांचा वजनकाटा आणि टनाचा दर आला तेव्हा मागे उभे असलेले ट्रकवाले पुढे सरकले. खाली उतरलो तर आमचे औरंगजेब काका तोंड रंगवलेल्या अवस्थेत उभे. म्हणाले, ‘हें गाणें न्हय मरे, हें प्रॉम्प्टिंग!’ म्हणजे हे गाणे नव्हे रे, हे प्रॉम्प्टिंग. एवढे अचूक परीक्षण त्यानंतर माझ्या कामाचे कोणी केलेले नाही.

पैशांबद्दल थोडक्यात. गाणी ऐकली जाण्यातून जे मिळते त्यात पेट्रोल सुटते, म्हणून कारखान्यातली नोकरी चालू आहे आणि ती सोडण्याचा विचार नाही. स्वतंत्र राहण्याचा माझ्यापुरता अर्थ असा, की शब्द, चाल आणि मूळ रेकॉर्डिंग या तिन्हींचे हक्क माझ्या नावावर आहेत. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकारांच्या स्वामित्वधनाच्या हक्काला कायद्याचे संरक्षण मिळाले आहे, परंतु गाण्याची नोंदच केली नाही तर कायदा घरी येऊन पैसे देत नाही. गावच्या नाटकाचा जमाखर्च जसा शेवटच्या पैशापर्यंत फळ्यावर लिहिला जातो, तसा मी प्रत्येक गाण्याचा लिहितो.

डिसेंबर २०२२ मध्ये खाणपट्ट्यांचे लिलाव सुरू झाले, पहिल्याच फेरीत डिचोलीचा पट्टा गेला, आणि आता आमच्या रस्त्यावर पुन्हा ट्रक दिसतात. बाबांचा त्यात ट्रक नाही. यावर गाणे लिहितो आहे आणि त्याचे हुक, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा भाग, मी लिहिलेले नाही. बाबांच्या त्या लांबट वहीतली काही पाने त्यांनाच वाचायला लावली आहेत: तारीख, ट्रिपा, डिझेल, हप्ता, बाकी. त्यांचा आवाज घुमटावर इतका नेमका बसतो की एकही शब्द हलवावा लागला नाही. बँकेचे नाव घ्यायचे नाही, एवढीच त्यांची अट होती. गायक म्हणून वाटा किती मिळणार, हे मात्र त्यांनी दोनदा विचारून घेतले, आणि वाटणीच्या कागदावर सही करण्यापूर्वी टक्केवारीची बेरीज शंभर होते का ते स्वतः करून पाहिले.